एकतीसपैकी एकतीस

पाखरं वार बघून घरट्यातून पडत नाहीत. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला अख्खा हंगाम लागला, आणि मी म्हणे डोंबिवलीतल्या पोरांना निसर्ग शिकवते!

मी प्रमोदिनी आगाशे. बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी 'टिटवी क्लब' काढला, त्याला आता नऊ वर्षं झाली. दर रविवारी सकाळी सातला मुलं जमतात. आम्ही त्यांना कधी खाडीकाठी नेतो, कधी रेल्वेच्या जुन्या झाडीत, कधी नुसतं एखाद्या सोसायटीच्या कुंपणाशी, आणि जे दिसेल ते बघायला लावतो. आम्ही म्हणजे मी आणि भाऊ दीक्षित. भाऊ रेल्वेतून निवृत्त, सत्तरीचे, बायको गेल्यापासून एकटे राहतात. मुलं मला आजी म्हणायला लागली तेव्हा मी पहिल्याच दिवशी दम भरला होता की ताई म्हणायचं, नाहीतर घरी जायचं. त्यामुळे दहा वर्षांची पोरं मला ताई म्हणतात आणि त्यांच्या बहुतेक आया काकू.

पहिल्या वर्षी चाळीस मुलं होती. गेल्या दिवाळीपर्यंत नऊ उरली. माझा नियम कडक होता. बघायचं, वहीत लिहायचं, हात लावायचा नाही. हात न लावता नुसतं बघत बसायला हल्लीची मुलं तयार नसतात, असं आईबाप मलाच समजावून जायचे. शेवटी मी 'जीवदान' काढलं. घरट्यातून पडलेलं किंवा जखमी पिल्लू सापडलं, तर खोक्यात ठेवून रविवारी क्लबात आणायचं आणि त्याचं कार्ड भरायचं. भाऊ ते घरी नेऊन वाढवणार, आणि पंखात बळ आलं की खडवलीला नदीकाठच्या झाडीत सोडून येणार. दर पिल्लामागे क्लबच्या टोपीवर एक पिवळी चांदणी. कल्पना माझी, चांदण्याही मीच कापून शिवल्या. मार्चपर्यंत साठ मुलं झाली. ठाण्याहून, अगदी घोडबंदर रोडवरून गाड्या येऊन उभ्या राहायला लागल्या. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!

या साठांत योगिनी परब पहिली. वय वर्षं अकरा. ठाकुर्लीला चाळीत राहते, बाबा रिक्षा चालवतात, आई मालन पोळी-भाजीचं केंद्र चालवते. शौनककडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा, नीरजाकडे परदेशातून आणलेली दुर्बीण, आणि योगिनीकडे चपलांचं रिकामं खोकं. पण त्या खोक्यात दर रविवारी पिल्लं. आणि कशी आणलेली! खाली जुन्या मऊ गंजीचे तुकडे, झाकणाला भोकं, वर ओला रुमाल. तिची टोपी पिवळीधमक झाली होती. मी इतर पोरांना सुनवायची, 'अरे, महागाच्या दुर्बिणी गळ्यात घालून मिरवता, त्या योगिनीकडे बघा. नजर लागते त्याला, नजर!'

मेच्या शेवटच्या रविवारी कल्याणला हॉल घेऊन आमचा वार्षिक कार्यक्रम होता. वनखात्यातले एक निवृत्त अधिकारी पाहुणे येणार होते आणि क्लबचं पहिलंवहिलं 'जीवदान पदक' योगिनीला मिळणार होतं. एकतीस पिल्लं आणली आणि एकतीस जगली. 'एकतीसपैकी एकतीस!' असा मोठा मथळा मी आमच्या पत्रिकेत दिला होता. पदकाबरोबर एक खास बक्षीसही होतं. पुढच्या रविवारी सगळा क्लब खडवलीला जाणार आणि योगिनी आम्हाला तिची पाखरं दाखवणार. हे कळल्यावर ती मला बिलगलीच होती. मला असलं बिलगणं वगैरे आवडत नाही, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

कार्यक्रमाच्या आधीच्या बुधवारी मी घरी प्रदर्शनाचा बोर्ड लावायला बसले. एका वेळी जेवढी पिल्लं सापडतील त्यांचं मिळून एक कार्ड, अशी आमची पद्धत. योगिनीची चौदा कार्डं होती. तारखेप्रमाणे लावावीत म्हणून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली, आणि सहज भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा बघितल्या. पहिलं कार्ड शनिवार. दुसरं शनिवार. तिसरंही शनिवार. मला गंमत वाटली. आठव्या कार्डापर्यंत गंमत संपली. चौदाच्या चौदा कार्डं शनिवारची होती.

मी चहा केला. स्वतःला समजावलं की शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, पोरगी मोकळी असते, तेव्हाच फिरते, तेव्हाच सापडतात. चहा पिता पिता दुसरा रकाना वाचला. पिल्लांची संख्या. दोन, दोन, तीन, दोन, दोन, दोन, तीन. एक असा आकडा कुठेच नव्हता. बाकी साऱ्या मुलांची कार्डं काढून पाहिली. एक, एक, एक, क्वचित दोन. पडणारं पिल्लू एकटंच पडतं. चौदा वेळा घरातलं सगळं खटलं एकदम खाली कसं पडेल?

मी तशीच बसून राहिले. चहावर साय धरली. मग भाऊंना फोन लावला.

"प्रमोदिनीबाई, तुम्ही उगाच पोलिसी डोकं लावताय," भाऊ म्हणाले. "मुलं रविवारी आणायची म्हणून शनिवारी शोधतात. साधी गोष्ट आहे."

"आणि दोन-दोन, तीन-तीन?"

"नशीबवान असेल पोरगी," ते म्हणाले आणि कुकर लावायचाय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी दुपारी चार वाजता मी ठाकुर्लीला गेले. न कळवता. बोर्डासाठी योगिनीचा घराजवळचा फोटो हवा, असं कारण ठरवून ठेवलं होतं, म्हणजे चोरासारखी मीच गेले होते.

मालन केंद्राच्या ओट्यावर कणीक मळत होती. मला बघून तिने पिठाच्या हातानेच नमस्कार केला. "या या मॅडम! उद्याचं काय सांगायला आलात? आमचे हे उद्या गाडी बंद ठेवणार आहेत. योगीला नवा ड्रेस घेतलाय, पिवळाच पाहिजे म्हणाली. बसा ना, चहा टाकते."

"योगिनी कुठाय?"

"मागे असेल टाकीकडे. शनिवारचं तिचं काम असतं ना ते, पाखरांचं. कोणी हाक मारलेली चालत नाही तिला."

चाळीच्या मागे सिमेंटची पाण्याची टाकी आहे, तिच्या कडेला जास्वंदीचं मोठं झाड, आणि पलीकडे कपडे वाळत घालायच्या तारा. त्या तारांवरच्या चादरींमागे मी उभी राहिले. योगिनी एका उपड्या पिंपावर चढली होती. डोक्यावर चांदण्यांची टोपी. डाव्या हाताने तिने जास्वंदीची फांदी हळूच वाकवून धरली होती आणि उजवा हात पानांत घातला होता. हात बाहेर आला तेव्हा त्यात पिल्लू होतं. उघडं, गुलाबी, मान न धरणारं. तिने ते छातीशी धरलेल्या खोक्यात ठेवलं. परत हात आत घातला. दुसरं. परत. तिसरं.

मी चादर घट्ट धरली, ती तारेवरून सुटून माझ्याच अंगावर आली.

"योगिनी!"

मला वाटलं ती दचकेल, रडेल, खोकं लपवेल. तसं काही झालं नाही. तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"ताई, तुम्ही? अहो बघा ना, तीन आहेत! मला वाटलेलं दोनच असतील. बुलबुल आहे, लाल बुडाचा."

ती पिंपावरून जपून उतरली. खोकं जमिनीवर ठेवलं. एकेक पिल्लू उचलून क्षणभर मातीवर टेकवलं आणि परत खोक्यात घातलं. मग खिशातून कार्ड काढून पेनाने खूण केली. मी पुढे होऊन बघितलं. 'कुठे सापडले?' या प्रश्नापुढे मी दोनच चौकटी छापल्या होत्या, 'जमिनीवर' आणि 'जखमी अवस्थेत'. तिने 'जमिनीवर'ला खूण केली होती.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"घरट्यातून असं लिहायला जागाच नाहीये ना ताई. म्हणून आधी जमिनीवर ठेवते, मग टिक करते. म्हणजे खोटं होत नाही."

मी पिंपावर बसले. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात मला इतका हादरा कमी वेळा बसलाय. पोरगी चोरी करताना सापडली असती तर मी दोन कानाखाली दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण हिच्या तोंडावर चोरीचा लवलेश नव्हता. ती पिल्लांवर ओला रुमाल घालत होती.

"सगळी? चौदाच्या चौदा वेळा?"

"हो." आता तिला माझा चेहरा कळायला लागला होता. "तुम्ही चिडल्यात? मी एकालाच नाही घेत हां ताई, सगळ्यांना घेते. भावंडं वेगळी नाही करत. आणि शनिवारीच काढते. रविवारी लगेच भाऊंकडे जातात, जास्त उपाशी नाही राहत."

"पण का, योगिनी? का?"

"इथे जगत नाहीत ती." तिने सरळ सांगितलं. "तुम्हाला सांगितलेलं ना मी, जानेवारीत? दयाळची पिल्लं मांजराने खाल्ली, माझ्यासमोर. मी रडत आलेली क्लबला. तुम्ही बोललात, नुसतं रडून काय होतं, वाचवायचं असतं. मग तुम्ही जीवदान काढलं. भाऊंकडे दिलं की सगळी जगतात. खडवलीला मांजरं नाहीत, नदी आहे. एकतीसपैकी एकतीस, तुम्हीच छापलंय."

मी बोलले होते. शब्दन् शब्द आठवला. त्या दिवशी मला क्लबात मुलं कशी वाढतील याचीच घाई होती, आणि ही पोर माझं वाक्य घेऊन घरी गेली होती.

तरी माझा शिक्षिकेचा आव सुटला नाही. तिला म्हटलं, "हे बघ, खडवलीला जगत असतील, तरीही आईबापांपासून पिल्लं काढून घेणं चूक आहे. मोठी चूक. चल, आपण भाऊंकडे जाऊ. वाढवताना त्यांना किती त्रास होतो, आईशिवाय पिल्लं कशी वाढतात, ते तुला तेच सांगतील." खोकं तिच्याच मांडीवर ठेवून आम्ही रिक्षात बसलो. मालनला काही सांगितलं नाही. ती मागून ओरडत होती, "अहो मॅडम, चहा!"

भाऊंची सोसायटी स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला. फाटकाजवळ रिक्षा अडकली, वीस मिनिटांचा रस्ता अर्धा तास झाला. योगिनी सबंध वेळ झाकणाच्या भोकातून आत बघत होती. एकदाच म्हणाली, "ताई, पदक नाही देणार का मला?" खरं तर मला तेव्हा ठरवताच येत नव्हतं.

भाऊंनी दार उघडलं, आधी मला पाहिलं, मग तिला, मग खोक्याला. त्यांचं घर नेहमीसारखं नीटनेटकं. खिडकीत औषधाचा ड्रॉपर, बशीत उकडलेल्या अंड्याचा बलक, एका टोपलीत कापूस. मी दारातच सुरू झाले. सगळं सांगितलं. पिंप, जास्वंद, मातीवर टेकवलेली पिल्लं. भाऊ खुर्चीवर बसले.

"आता तुम्ही हिला समजावून सांगा," मी म्हटलं. "खडवलीला सोडताना ती कशी असतात, उडतात का नीट, खायला शोधतात का. सांगा."

भाऊ बशीतल्या बलकाकडे बघत राहिले.

"भाऊ?"

"प्रमोदिनीबाई, तिला जरा बाल्कनीत बसवू या का?"

"तिच्यासमोरच बोला. तिला कळायला हवं."

माझा हा हेका मला आयुष्यभर पुरणार आहे. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी खडवलीला कधी गेलोच नाही."

मला आधी वाक्याचा अर्थच लागला नाही. गेला नाहीत म्हणजे? मग कोण गेलं?

"पहिलं पिल्लू शौनकने आणलं होतं," भाऊ सांगायला लागले. "रात्रीत गेलं. सकाळी त्याचा फोन, भाऊ, कसं आहे? आठ वर्षांचा मुलगा हो. माझ्या तोंडून निघून गेलं, छान आहे, खडवलीला सोडलं. मग दुसऱ्याला काय सांगणार? मग सगळीच खडवलीला. मी मनापासून करायचो, खोटं नाही सांगत. दर अर्ध्या तासाने भरवायचो. रात्री गजर लावायचो. पण ती राहत नाहीत. एवढ्या लहान पिल्लांना आपल्याला नाही भरवता येत."

"किती जगली?" मी विचारलं. "हिच्या एकतीसांतली?"

"एक. साळुंकी होती. ती खडवलीला नाही गेली, त्या खिडकीतून उडून समोरच्या एटीएमवर बसली."

"आणि बाकीची?"

भाऊंनी खिडकीकडे हात केला. खाली सोसायटीच्या मागच्या बाजूला कढीपत्त्याचं झाड होतं. त्याच्या बुंध्याभोवती माती भुसभुशीत होती आणि तिच्यावर लहान लहान दगड मांडलेले होते. मी मोजले नाहीत.

मी भाऊंवर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवतही नाही. लबाड म्हटलं, भित्रे म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं नाहीत, बाई. पाच महिन्यांत एकदा तरी म्हणाला असतात, चला भाऊ, मीही येते खडवलीला. मी रोज वाट बघत होतो."

गुडघे दुखतात म्हणून मी गेले नव्हते. आणि त्याहून खरं सांगायचं तर, शंभर टक्के यश म्हटल्यावर तपासायला जावंसं मला वाटलंच नव्हतं. बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारी बाई मी!

हे सगळं होईपर्यंत योगिनीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती खिडकीपाशी उभी होती, खाली बघत. रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच मला बघवेना. ती वळली, टेबलावरचं खोकं उचललं.

"ही तीन अजून जिवंत आहेत," ती म्हणाली. "ह्यांना परत ठेवू या."

"बेटा, हात लागलेली पिल्लं..." भाऊ बोलायला लागले.

"घेतात," मी म्हटलं. निदान एवढं तरी मला नक्की ठाऊक होतं, क्लबच्या पहिल्या वर्षी मीच शिकवलेलं. माणसाचा हात लागला म्हणून पाखरं पिल्लं टाकत नाहीत. "चल. लवकर चल."

परतीच्या रिक्षात आम्ही तिघं होतो. भाऊ घरातल्या सपाता तशाच घालून निघाले होते. मी घड्याळ बघत होते. पिल्लं काढून सव्वा तास होऊन गेला होता.

चाळीमागे आलो तेव्हा ऊन उतरत होतं. योगिनी पुढे पळाली आणि चादरींपाशी थबकली. तिने आम्हाला हाताने थांबवलं.

कपड्यांच्या तारेवर बुलबुल बसला होता. काळा तुरा, शेपटीखाली लाल. चोचीत हिरवी अळी धरलेली. तो उडून जास्वंदीत गेला, रिकाम्या घरट्याच्या काठावर बसला, आत पाहिलं, आणि परत तारेवर येऊन बसला. अळी चोचीतच. दुसरा टाकीच्या कडेवर होता, त्याच्याही चोचीत काहीतरी होतं. पुन्हा पहिला गेला. पुन्हा आत पाहिलं. पुन्हा आला.

"हे काय करतायत?" योगिनीने कुजबुजत विचारलं.

"भरवायला आलेत."

"पण आत कोणी नाहीये."

तिने हे कधी बघितलंच नव्हतं. दर शनिवारी पिल्लं काढली की ती खोकं घेऊन घरात पळायची, त्यांना ऊब द्यायला. तिच्या पाठीमागे काय चालायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

ती पिंपावर चढली. पाखरं ओरडत वर उडाली, पण लांब गेली नाहीत. एक ठेवलं, दुसरं ठेवलं. तिसरं फारच मलूल झालं होतं, ते तिने ओंजळीत थोडा वेळ धरलं आणि मग ठेवलं. फांदी सोडून ती खाली आली आणि आम्ही चादरींमागे जाऊन उभे राहिलो. भाऊ, मी आणि मध्ये ती.

"उद्या आईबाबा येणारेत," ती समोर बघत म्हणाली. "बाबांनी गाडी बंद ठेवलीय."

"मला माहीत आहे."

"तुम्ही सगळ्यांना सांगणार?"

"सांगणार. माझी चूक म्हणून सांगणार, तुझं नाव घेणार नाही. पदक कोणालाच देणार नाही आणि चांदण्या बंद."

भाऊ म्हणाले, "आणि खडवलीचं मी सांगेन."

योगिनीने टोपी काढून हातात धरली. "बोर्डावर माझी कार्डं लावलीत ना? ती काढू नका. शेवटचा रकाना, पिल्लांचं पुढे काय झालं तो, मी बदलते, सकाळी येऊन. माझ्या अक्षरात." आणि दुसऱ्या दिवशी तिने तो बदललाही, नवा पिवळा ड्रेस घालून, हॉलच्या दारात जमिनीवर बसून, मालनच्या देखत. त्यानंतर आईबाप मला काय काय बोलले आणि साठांतली किती मुलं क्लबात उरली, ते इथे सांगत नाही. बोलण्यासारखं होतंच, म्हणून बोलले.

पण त्या संध्याकाळी आम्ही अजून चादरींमागेच होतो. बुलबुल तारेवर आला. मान वाकडी करून त्याने जास्वंदीकडे पाहिलं. गेला. घरट्याच्या काठावर बसला, आणि आतून तीन चोची वर आल्या. तिसरी जरा उशिरा आली, पण आली. अळी आत गेली. लगेच दुसरा आला. भाऊंनी नाक ओढलं. मी योगिनीच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता ती हसेल.

"ताई," ती म्हणाली, "बाकीचे पण असेच थांबलेले असणार ना? चोचीत घेऊन?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "हो," मी म्हटलं.

"किती वेळ थांबतात?"

नऊ वर्षं मी पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत आले होते, माहीत नसलं तरी ठसक्यात. "मला माहीत नाही, योगिनी. मी कधी बघितलं नाही."

ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागली. मला वाटलं पिल्लं मोजतेय.

"चौदा घरटी होती," ती म्हणाली. "म्हणजे अठ्ठावीस जण."